सव्वीस अंशांचा दगड

निघताना आठ जण होते. पाठपिशव्या आठ, पाणी सोळा लिटर, गूळ-शेंगदाण्याच्या पुड्या आठ, नकाशा एक, कंपास एक, शिट्टी एक, प्रथमोपचाराची पेटी एक. मोबाईल शून्य, ते पहिल्याच दिवशी छावणीच्या ऑफिसात जमा झाले होते. आणि सगळ्यांच्या मागे, वीस पावलांचं अंतर राखून, नववा माणूस: सुभेदार रंगनाथ खैरनार, निवृत्त. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. फौजेत शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात.

हरसूलच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी, दर उन्हाळ्यात ही छावणी भरायची. फौजेत अधिकारी व्हायचं मनात धरून कॉलेजातली पोरं-पोरी महिनाभर इथे यायची. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला एक दिवस तुकडी मिळे. नकाशावरच्या एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूवरच्या झेंड्यापर्यंत ती न्यायची. वेळेला दहा गुण, दिशेला दहा, नेतृत्वाला दहा. तीसपैकी अठरा पडले तर जुलैपासून सहा महिने इथेच राहून निवड मंडळाची तयारी, तीही फुकट. अठराच्या खाली गेलं की बॅग भरायची.

आज तेजल पगारेचा दिवस होता.

तेजल मनमाडची. वडील रेल्वेत, आई शाळेत. नाशकात राहून तिनं नुकतंच भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं. "एक उन्हाळा," आईनं निघताना सांगितलं होतं. "जमलं तर जमलं. नाहीतर बी.एड.चा अर्ज भरायचा, आणि तोंड वाकडं न करता भरायचा." तेजलनं मान डोलावली होती. बी.एड. वाईट नव्हतं. पण गेल्या वर्षी कॉलेजच्या संचलनात तिनं पहिल्यांदा तुकडीला हुकूम दिला होता, आणि तेव्हापासून दुसरं काही तिच्या डोक्यात नीट बसत नव्हतं.

पहाटेच्या गारव्यात सगळे पिशव्यांना टेकून जमिनीवर बसले होते. तेजलनं नकाशा घडी करून खिशात घातला आणि म्हणाली, "उठा."

सात जण उठले.

तिला क्षणभर कसंतरी झालं. ती मोठ्यानं बोलली नव्हती. कुणाला हात लावला नव्हता. एक शब्द हवेतून गेला आणि साताठ पावलांवरची साडेतीन-चारशे किलो वजनाची माणसं जमिनीवरून उचलली गेली. प्रयोगशाळेत असलं काही दिसलं असतं तर तिनं ते तीनदा करून पाहिलं असतं.

"लीडर, जायचं ना?" शेखर म्हणाला. "का आमची उंची मोजतीस?"

शेखर बोडके घोटीचा. घरची भाताची गिरणी, अंगानं दणकट, तोंडानं त्याहून. आज पावलं मोजायचं काम त्याच्याकडे होतं: शंभर पावलं झाली की डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात. नकाशा वेदिकाकडे. ती नाशिक शहरातली, गंगापूर रोडची. तिचं अक्षर सुरेख आणि जीभ धारदार. कंपास तेजलनं स्वतःकडे ठेवला होता. तो फौजी बनावटीचा होता. झाकण उघडायचं, अंगठा कडीत अडकवायचा, गालाशी धरायचा, आणि बारीक भिंगातून दूरची खूण आणि सुईबरोबर फिरणाऱ्या तबकडीवरचे अंश एकाच वेळी वाचायचे. उत्तर म्हणजे शून्य, पूर्व नव्वद, पश्चिम दोनशे सत्तर.

उस्ताद काहीच बोलले नाहीत. नियमच तसा होता. कुणाच्या जिवावर बेतणार असेल तरच परीक्षकानं तोंड उघडायचं. एरवी मागून चालायचं, बघायचं आणि लिहायचं.

"हे बरंय," शेखर पुटपुटला. "महिनाभर कान किटेपर्यंत बोलले आणि आज एकदम मौनीबाबा."

"पाठीमागं ऐकू जातंय," वेदिका म्हणाली.

"जाऊ दे. उत्तर थोडीच देणारेत?"

पहिला टप्पा सोपा होता. कोरड्या ओढ्याच्या कडेनं चढत जायचं आणि डोंगराच्या माथ्यावरचा माळ गाठायचा. करवंदीच्या जाळ्या मध्येच आडव्या आल्या. पिकलेली करवंदं समोर लटकत असताना सात जणांना पुढे हाकणं हीसुद्धा एक परीक्षाच होती. तेजलनं पाच मिनिटं दिली. तेवढ्यात सगळ्यांच्या जिभा जांभळ्या झाल्या. उस्तादांनी एका जाळीपाशी थांबून दोन करवंदं तोंडात टाकली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"करवंदांचे गुण कापले वाटतं," शेखर म्हणाला.

माळावर पोचले तेव्हा पावणेदहा होत आले होते. वर झाडं अशी नव्हतीच. सुकलेलं पिवळं गवत, काळे दगड आणि मधोमध एकटा हिरडा. त्याच्या खोडावर वरपासून खालपर्यंत एक लांब, सालपट निघालेली चीर होती. झाडाच्या बुंध्याशी छातीएवढा काळा खडक. नकाशावर हाच बिंदू होता. इथून झेंडा चोवीसशे मीटर, दिशा दोनशे पन्नास अंश: पश्चिमेहून किंचित दक्षिणेला.

आता इथे तेजलनं जे केलं ते तिच्याइतक्या काटेकोर माणसानंच करावं.

लोखंड जवळ असलं की कंपासची सुई भरकटते, हे सगळ्यांनाच शिकवलं होतं. तेजलनं ते मनावर घेतलं. तिनं सगळ्यांना पंधरा पावलं मागे पाठवलं. स्टीलच्या बाटल्या, पट्ट्यांची बक्कलं, प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. मग तिनं स्वतःच्या केसांतल्या सहा पिना काढून वेदिकाच्या हातात दिल्या.

"आता दातांतली चांदी पण काढ," वेदिका म्हणाली.

"चांदीला चुंबक लागत नाही," तेजल म्हणाली. तिनं ते गंभीरपणे सांगितलं होतं, त्यामुळे सगळे जास्तच हसले.

पण माळावर वारा होता आणि चढानं तिचा हात थरथरत होता. गालाशी धरलेल्या कंपासची तबकडी दोन-तीन अंश डावी-उजवीकडे डुलत होती. तेजलला ते सहन होईना. तीन वर्षं प्रयोगशाळेत तिनं एकच गोष्ट गिरवली होती: उपकरण हलता कामा नये, त्याला पक्कं बूड पाहिजे. उस्ताद हातात धरा म्हणाले होते खरं, पण ते लढाईतल्या माणसासाठी, ज्याला टेबल मिळत नाही. इथे देवानं टेबल दिलेलं होतं. तिनं कंपास त्या काळ्या खडकाच्या सपाट माथ्यावर ठेवला, खाली वाकून डोळा भिंगाला लावला, आणि तबकडी दगडासारखी स्थिर झाली.

दोनशे पन्नास. त्या रेषेवर बरोबर, माळाच्या पार कडेला, एकावर एक ठेवल्यासारखे दोन दगड दिसत होते. सुंदर खूण होती. शिकवल्याप्रमाणे तिनं कंपास मिटला. आता फक्त त्या दगडांवर नजर ठेवून चालायचं.

वीस पावलांवर उस्ताद उभे होते. त्यांचं पेन हललं.

चारशे पावलांनंतर वेदिका म्हणाली, "नकाशात ओढा उजव्या हाताला पाहिजे. मला डावीकडे खळगा दिसतोय."

"उन्हाळ्यात ओढे ओळखू येत नाहीत."

सहाशे पावलांनंतर शेखर म्हणाला, "लीडर, एक सांगू का? वर येताना सरळ पश्चिमेला चाललो का सावली पुढं पडायची. आता माझी सावली डाव्या बुटाकडं पळतीय. आपल्याला तर डावीकडं वळून जायचं होतं, मग सावली उजवीकडं पाहिजे का नको?"

"सावली सरकते, शेखर. सूर्य एका जागी थोडाच थांबतो."

"बरं बाबा. तू बी.एस्सी., मी बी.कॉम."

त्यानं आणखी एक खडा उजव्या खिशात टाकला.  ती चालत होती आणि तिच्यामागे सात जण चालत होते, तिनं डोळा लावून पाहिलेल्या एका रेषेवर. पाठीवर ऊन, पिशव्या, अर्धं संपलेलं पाणी. तिला मागे वळून पाहावंसं वाटलं. ती सगळी खरंच येतायत यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

दोन दगडांपाशी पोचल्यावर माळ संपला. नुसता संपला नाही, तुटला. पुढे जमीनच नव्हती.

ताशीव कडा सरळ खाली गेला होता. इतका खोल की तळातलं पळसाचं रान शेवाळासारखं दिसत होतं. पलीकडे आणखी कडे, त्यांच्या मागे आणखी, निळसर होत गेलेले, सगळे एकाच उंचीवर सपाट कापलेले. खालून गरम हवा वर येत होती आणि तिच्याबरोबर एक मोठा पक्षी, पंख न हलवता, वर्तुळं घेत. पाठ तपकिरी, मान उघडी. गिधाड. तेजलनं आयुष्यात गिधाडं पाहिली होती ती मान वर करून, आभाळात ठिपक्याएवढी. हे तिच्या पायांच्या खाली होतं. त्याची पाठ दिसत होती, पंखाच्या टोकाची बोटांसारखी सुटी पिसं दिसत होती, ऊन त्या पिसांवरून कसं घसरतं तेही दिसत होतं. ते पातळीला आलं, एका डोळ्यानं आठ जणांकडे पाहिलं आणि वर निघून गेलं.

कुणीतरी श्वास सोडल्याचा आवाज आला. शेखरनं टोपी काढली होती, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग वेदिका हळूच म्हणाली, "तेजल, आपल्या रस्त्यावर कडा नाहीये. आपल्याला हळूहळू उताराला लागायचं होतं."

"माहितीय."

तेजलनं कंपास काढला. हातात धरला, गालाला लावला, वळून मागच्या हिरड्याकडे रोखला. दोनशे पन्नासनं आलो असू तर उलटी दिशा सत्तर यायला हवी. तबकडी डुलत होती, पण डुलत होती ती शहाण्णवच्या आसपास.

सव्वीस अंशांचा फरक.

तिनं पुन्हा पाहिलं. शहाण्णव. वेदिकाला दिला. वेदिकानं पाहिलं: "पंच्याण्णव, सत्त्याण्णव, असंच काहीतरी."

दोन वाचनं, दोन्ही एकाच कंपासची, आणि त्यातलं एक खोटं. कुठलं? दोघांच्या भांडणात तिसरा साक्षीदार लागतो. तेजल खाली बघत उभी राहिली, आणि खाली तिची सावली होती.

चार दिवसांपूर्वीच भर दुपारी तिनं छावणीच्या अंगणात पाण्याची बाटली उभी करून सगळ्यांना दाखवली होती. बाटलीला सावलीच नव्हती. मेच्या तिसऱ्या आठवड्यात नाशकावर सूर्य थेट डोक्यावरून जातो. शून्य सावलीचा दिवस. आणि ज्या दिवसांत सूर्य सरळ डोक्यावर चढतो त्या दिवसांत सकाळभर तो पूर्वेलाच असतो. सावली आखूड होत जाते, पण फिरत नाही. तीन तासांत जेमतेम नऊ अंश. सावली सरकते, हे तिनं शेखरला वर्षातल्या कुठल्याही दिवसाबद्दल सांगितलं असतं तर खपलं असतं. या आठवड्यात नाही.

शेखरचा डावा बूट खरा होता.

उस्ताद वीस पावलांवर उभे होते, कड्याकडे पाठ करून. वेदिका तिच्या कानाशी आली. "ऐक. कडा बघून ठेवायला वळसा घेतला असं सांग. मुद्दाम टेहळणी केली म्हण. वाईट नाही दिसणार. दिशेचे गुण गेले तरी नेतृत्वाचे वाचतील."

तेजलच्या मनात बेरीज सुरू झाली होती, ती तिनं थांबवली. वेदिकाचं म्हणणं चालूनही गेलं असतं. पण मग पुढच्या वेळी ती चाल म्हणेल तेव्हा ही सात जणं कशावर पाय टाकतील? सकाळी एका शब्दावर उठली होती ती. त्या शब्दाला आत काहीतरी असायला हवं होतं.

"बसा सगळे, पाणी प्या, अर्धा-अर्धा पेला," ती म्हणाली, उस्तादांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मी चुकीच्या दिशेला आणलं. सव्वीस अंश. हिरड्यापाशी मी घेतलेलं वाचन चुकलं. का चुकलं ते मला कळलेलं नाही. वेदिकानं सांगितलं होतं, शेखरनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

पेला हातोहात फिरू लागला. मग शेखर म्हणाला, "बी.कॉम.चा एकदाचा विजय झाला," आणि पेला पुढच्याकडे सरकवला.

उस्तादांचं पेन हललं. बराच वेळ हलत राहिलं.

तेजल आणि वेदिका नकाशावर पालथ्या पडल्या. हिरड्यापासून किती आलो ते शेखरच्या खिशात होतं: अकराशे मीटर. कुठल्या दिशेनं आलो ते आता माहीत होतं. नकाशावर तिथे खरंच कड्याची रेघ होती. म्हणजे आपण कुठे आहोत ते सापडलं. तिथून झेंड्यापर्यंत वेदिकानं पट्टी ठेवली, तेजलनं कोन मोजला: दोनशे एकतीस अंश, पंधराशे मीटर. मध्ये घळ होती, तिला माथ्याकडून वळसा.

"आता असं," तेजल म्हणाली. "कंपास मी बघणार, पण हातात धरून. वेदिका नकाशा. शेखर, तू सावली. दर शंभर पावलांना थांबायचं. तिघांचं जुळलं तर पुढं. एकाचं जरी नाही जुळलं तर मी कितीही बोलले तरी हलायचं नाही."

"तू लीडर ना?" मागून एकानं विचारलं.

"म्हणूनच सांगतेय. उठा."

सात जण उठले. या वेळी तिला सकाळपेक्षा जास्त नवल वाटलं.

ते चालणं तिला पुढे बरेच दिवस आठवणार होतं. थांबा. "दोनशे एकतीस." "घळ डावीकडे, बरोबर." "सावली उजव्या बुटाच्या पुढं, हातभर." चला. पुन्हा थांबा. घळीच्या माथ्यावर दगड पायाखालून निसटत होते, एकमेकांना हात देत उतरावं लागलं. पाणी तीन लिटरवर आलं. आणि ऊन चढत गेलं तशी सावली आखूड होत गेली. हातभर, वीतभर, मग बुटाच्या टोकाएवढी. आठ माणसं पिवळ्या माळावर चालली होती आणि त्यांच्या सावल्या हळूहळू त्यांच्याच पायांखाली शिरत होत्या, जशी काही जमीन त्या गिळत होती. शेवटी शेखर थांबला, खाली बघत राहिला.

"लीडर, माझा साक्षीदार फुटला. काहीच दिसत नाय आता."

"मग दोघांवर जाऊ. किती राहिलं?"

"दीडशे मीटर."

दीडशे मीटर चालून ते थांबले. समोर जांभळीची राई. झेंडा नव्हता. तेजलनं कंपास पुन्हा गालाला लावला. मग वाऱ्याची झुळूक आली आणि डावीकडे, पानांच्या आड, लाल कापडाचं टोक हललं.

झेंड्याखाली पाण्याचं पिंप होतं आणि पिंपाशेजारी खुर्ची टाकून कर्नल सविता मोहिते बसल्या होत्या. छावणी त्यांचीच. पोरं त्यांना मॅडम म्हणत आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं पाणीसुद्धा पीत नसत. त्यांनी मनगटावर पाहिलं. अकरा वाजेपर्यंत पोचायचं होतं. अकरा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. दर दहा मिनिटांना वेळेचा एक गुण जायचा.

"रिपोर्ट," त्या म्हणाल्या.

तेजलनं सावधान उभं राहून सगळं सांगितलं. मघाशी कड्यावर सांगितलं होतं तेच, त्याच क्रमानं.

"कारण?"

"माहीत नाही, मॅडम. पण चुकलेलं वाचन मी हातात धरून घेतलं नव्हतं. खडकावर ठेवून घेतलं होतं. बाकी सगळं तेच होतं. त्यामुळे मला खडकाचा संशय आहे."

"खडकाचा," मॅडम म्हणाल्या.  "परतीची वाट तिथूनच आहे. खात्री करा. उस्ताद, परीक्षा इथं संपली. आता तुम्ही बोलू शकता."

"जी मॅडम," उस्ताद म्हणाले. सकाळपासूनचे त्यांचे हे पहिले शब्द.

ऊन उतरल्यावर ते परत निघाले. हिरड्यापाशी आले तेव्हा माळ तांबूस झाला होता. तेजलनं पिशवी खाली ठेवली, पुन्हा केसांतल्या पिना काढल्या आणि कंपास तळहातावर सपाट धरून खडकाकडे गेली. पाच पावलांवर सुई स्थिर. दोन पावलांवर किंचित डुलली. तिनं हात खडकाच्या माथ्यावर आणला आणि सुई हळूच बाजूला वळली, कुणीतरी हाक मारल्यावर मान वळवावी तशी. सव्वीस अंश.

तिनं कंपास खडकावरून पुढे सरकवला. वीतभर अंतरावर सुई चाळीस अंश वळली. आणखी पुढे, हिरड्याच्या बुंध्याकडच्या कोपऱ्यावर, ती थरथरली, थांबली आणि सबंध उलटी फिरली. उत्तरेचं टोक दक्षिणेला.

सगळे गोळा झाले होते. 

"परत कर," वेदिका म्हणाली.

तेजलनं परत केलं. सुई परत फिरली. मग वेदिकानं केलं, शेखरनं केलं, एकेकानं करून पाहिलं. त्या काळ्या, उगाच पडल्यासारख्या दिसणाऱ्या दगडात दोन हात रुंदीची एक जागा होती, जिथे उत्तर म्हणजे दक्षिण होती.

"हे कुणी केलं?" शेखरनं विचारलं. त्याच्या आवाजात या वेळी चेष्टा नव्हती.

तेजलनं हिरड्याकडे पाहिलं, खोडावरच्या त्या लांब चिरेकडे. पुस्तकात चार ओळींचा परिच्छेद होता, परीक्षेला कधीच न येणारा. "वीज," ती म्हणाली. "आपले सगळे डोंगर लाव्ह्याचे. त्या दगडात लोखंडाचे बारीक कण असतात. वीज पडली की एवढा मोठा प्रवाह दगडातून जातो, की तेवढ्या एका क्षणात ते सगळे कण एका बाजूला तोंड करून बसतात. आणि मग तसेच राहतात."

"किती दिवस?"

"हजारो वर्षं राहू शकतात. ही वीज या झाडावर पडली असेल. किंवा झाड नव्हतं तेव्हाचीही असेल. या माळावर माणसं आली नव्हती तेव्हाचीही."

शेखरनं दगडावर तळवा ठेवला. मग एकेकानं ठेवला. दगड दिवसभराच्या उन्हानं कोमट होता, बाकी काहीच लागत नव्हतं हाताला. तेच तर अजब होतं.

उस्ताद सगळ्यांच्या मागून पुढे आले. कंपास मागून घेतला, दगडावरून सावकाश फिरवला, सुई उलटी होताना पाहिली. दुसऱ्यांदा पाहिली. ते सटाण्याकडचे, भारावले की त्यांची हिंदी-मराठी गळून पडायची आणि गावची बोली तोंडात यायची.

"भारी शे," ते स्वतःशीच म्हणाले. मग तेजलकडे वळले. "पंधरा बॅच आणल्या इथं. याच झाडाखाली उभं केलं. हातात धरा म्हटलं, सगळ्यांनी हातात धरला. सगळे बरोबर गेले. हे कुणाला दिसलंच नाही."

"सॉरी, उस्ताद. मी सांगितलेलं ऐकलं नाही."

"ते लिहिलंय मी," उस्ताद म्हणाले आणि कंपास परत दिला.

संध्याकाळच्या हजेरीला सगळी छावणी रांगेत उभी होती. तेजल दुसऱ्या रांगेत, शेखर तिच्या डाव्या हाताला. तिच्या मनात बेरीज नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर अजून ती सुई फिरत होती, सावकाश, कुणाचाही हात न लागता. मॅडमनी कागद वर धरला आणि सरळ आवाजात वाचलं:

"पगारे तेजल. वेळ, पाच. दिशा, सहा. नेतृत्व, आठ. बेरीज एकोणीस."